दोन जागांची गाडी

पाच माणसांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने फक्त दोघांना बसता येईल अशी गाडी घ्यावी का, हा प्रश्न ऐकून कोणीही शहाणा माणूस हसेल. दुसऱ्याने विचारला असता तर मीही हसलो असतो. पण २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत चिपळूणजवळच्या एका गावात, एका घराच्या पडवीत, फाटकी ताडपत्री बाजूला केली गेली आणि खाली ती लाल, बुटकी गाडी दिसली. तेव्हापासून तीन आठवडे मला या प्रश्नावर हसता आले नाही.

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. आपल्याकडे तयार झालेली ही दोन आसनी मोटार १९९८ च्या सुमारास बाजारात आली होती. अंग फायबरचे, वरचे छप्पर कॅनव्हासचे, आणि आत रेनॉ या फ्रेंच कंपनीचे ११४९ सीसीचे इंजिन. ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजची एखादी घरगुती गाडीसुद्धा कुंभार्ली घाटात तिला मागे टाकील. स्पोर्ट्‌स कार म्हणायचे ते तिच्या रूपाकडे पाहून. मी तेव्हा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो. वर्तमानपत्रात आलेले तिचे चित्र कापून मी कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवले होते. गणिताच्या तासाला पेटी उघडली की ती दिसायची. पुढे मी गणिताचाच शिक्षक झालो, याचा त्या चित्राशी काही संबंध असेल असे वाटत नाही.

ही गाडी ज्यांची, ते कुवेतला नोकरीला होते. सुट्टीवर आले असताना त्यांनी मुंबईत ती जुनी म्हणून घेतली आणि गावी आणली. वर्षातून महिनाभर चालवायची, मग ताडपत्री. २०२० मध्ये ते वारले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि आसपासच्या वस्त्यांत शिरले तेव्हा त्यांच्या पडवीतही शिरले, आणि गाडी आरशांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर घर धुतले गेले, भांडी धुतली गेली. गाडी तशीच राहिली. घरात विधवा भाबी, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा आमच्याच उर्दू शाळेत, माझ्याच वर्गात. त्याच्या तोंडून गाडी विकायची असल्याचे कळले आणि मी नुसती बघायला म्हणून गेलो.

भाबींनी किंमत सांगितली ऐंशी हजार.

माझ्याजवळ तेव्हा दोन लाख तीस हजार रुपये साठलेले होते. ते माडीसाठी होते. पुरानंतर आमच्या भागात ज्याच्या घराला माडी नाही त्याला पावसाळाभर झोप नाही. निदान धान्य, कपडे आणि मुलांची दप्तरे वर टाकता येतील अशी एक खोली हवी, हे घरात सर्वांनी मिळून ठरवलेले. त्यामुळे गाडीचा विचार मनात आला तो चोरासारखाच आला.

अब्बांना सांगितले. अब्बा एस. टी.त कंडक्टर होते. आयुष्यभर त्यांनी गाडी मोजली ती सीटांवर. त्यांनी विचारले, “किती बसतात?” मी म्हणालो, “दोन.” ते म्हणाले, “मग ती खुर्ची आहे. चाकं लावलेली.” आणि थोड्या वेळाने, चष्मा पुसत, “इस्राफ आहे बेटा हा.”

इस्राफ म्हणजे उधळपट्टी, मर्यादेबाहेर जाणे. हा शब्द आमच्या घरांत फार सहज वापरला जातो. नळ चालू राहिला तरी इस्राफ, लग्नात बिर्याणीची एक देग जास्त झाली तरी इस्राफ. पण ज्या सुरह आराफमध्ये खा-प्या पण मर्यादा ओलांडू नका असे सांगितले आहे, तिथेच लगेच पुढच्या आयतीत असा सवाल आहे की अल्लाहने बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी हराम ठरवली? या दोन आयती शेजारी शेजारी आहेत. आम्ही पहिली मुलांना पाठ करून घेतो आणि दुसरीपाशी घाई करतो. सुंदर वस्तू आवडणे हा गुन्हा असल्यासारखे वाढवलेले मूल पुढे एकतर खोटे बोलायला शिकते, नाहीतर चाळिशीला आल्यावर कुणाच्या तरी पडवीत ताडपत्री उचलून बघते.

वेगाचेही तसेच. हदीसमध्ये घोड्यांच्या शर्यतीचा उल्लेख स्वच्छ आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तयार केलेल्या घोड्यांची शर्यत हफयापासून सनियतुल विदापर्यंत लावली आणि बिनतयारीच्या घोड्यांची त्याहून जवळच्या पल्ल्याची, बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत. शर्यतीत भाग घेणाऱ्यांत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) होते. पैगंबरांच्या अज्बा नावाच्या सांडणीला कोणी मागे टाकू शकत नसे. एकदा एका बदूच्या उंटाने तिला मागे टाकले, तेव्हा सोबत्यांना फार वाईट वाटले. ही हकिकत मला नेहमी आवडते, कारण तिच्यात त्या सोबत्यांचे चेहरे दिसतात. आपल्या माणसाची सांडणी हरल्यावर मोठमोठ्या सहाबांचे चेहरे पडले होते! मग पैगंबरांनी त्यांना समजावले की दुनियेत जे वर चढते त्याला अल्लाह खाली आणतोच.

हे मी अब्बांना ऐकवले. ऐकवताना मला माहीत होते की हा युक्तिवाद अर्धाच आहे. त्या घोड्यांवर शहराचे रक्षण अवलंबून होते. शर्यत ही तालीम होती. माझी गाडी कशाची तालीम? अब्बांना हदीसचा तपशील ठाऊक नव्हता, पण त्यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. म्हणाले, “घोड्याला दाणा कशातून घालणार? माडीतून?”

तर पहिला प्रश्न माझ्यापुरता इथे सुटला, आणि माझ्या बाजूने सुटला नाही. हौस हराम नाही. पण हौसेचा पैसा हौसेचाच असला पाहिजे. तो दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरच्या छपरातून काढलेला नसावा. बायकोने मात्र अनपेक्षित बाजू घेतली. ती म्हणाली, “ऐंशी हजारच ना? माडी एक वर्ष उशिरा होईल. तुम्ही कधी स्वतःसाठी काही घेतलेलं मला आठवत नाही.” अशा वाक्याने माणूस जास्त अडचणीत येतो. विरोध झाला असता तर मी भांडलो असतो.

ऐंशी हजार म्हणजे नक्की किती, हे बघायला मी माझ्या शाळासोबत्याला घेऊन गेलो. त्याचे गॅरेज आहे आणि त्याला सगळे उस्ताद म्हणतात. पुरानंतरची दोन वर्षे त्याने दुसरे कामच केले नाही. बुडालेल्या गाडीची परीक्षा तो डॉक्टरासारखी करतो, आधी नाकाने. दार उघडून वास घेतला आणि म्हणाला, “गाळ आत आहे अजून.”

त्याने जे दाखवले ते मी वहीत लिहून घेत गेलो. मास्तराची सवय. सीटखालचा गालिचा उचलला तर खाली वाळलेल्या गाळाचा थर, तव्यावरच्या भाकरीसारखा भेगाळलेला. वायरिंगचे जोड उघडले तर तांब्यावर हिरवी पूड. चारही चाके जाम. ब्रेक ड्रमला चिकटून बसलेले. डिपस्टिक काढली तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की पाणी ओसरल्यावर कोणी ही गाडी चालू करायचा प्रयत्न केला होता का? कारण पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि मधला रॉड वाकतो. पुरानंतर चिपळुणात कित्येक गाड्या पुराने मेल्या नाहीत. पाणी उतरल्यावर मालकाने घाईने चावी फिरवली म्हणून मेल्या. इथे कोणी चावी फिरवली नव्हती. चावी फिरवणारा माणूसच घरात उरला नव्हता.

अंग फायबरचे असल्याने त्याला गंज नव्हता. धुतले की चकाकेल, उस्ताद म्हणाला, आणि हाच या गाडीचा धोका आहे. वरून ती कधीच आपले वय सांगणार नाही. खालचा सांगाडा लोखंडी. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर दोन जागी आत गेला. सुट्या भागांचे तर विचारूच नका. ही गाडी आली तेव्हा रेनॉची मोटार आपल्याकडे दुकानात मिळतच नव्हती, त्यामुळे या इंजिनाचे भाग गावोगावच्या दुकानांत कधी आलेच नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावे लागतील, काही बाहेरून मागवावे लागतील, काही लेथवर करून घ्यावे लागतील. कागदपत्रांचे वेगळेच. नोंदणीची मुदत संपलेली. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, आणि त्याआधी गाडी मयताच्या नावावरून वारसांच्या नावावर.

सगळे मिळून उस्तादाने आकडा सांगितला दोन लाख. “आणि दोन म्हणजे अडीच समज,” तो म्हणाला.

परत येताना स्कूटरवर मागे बसून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला. तो म्हणाला, “पण तू घेणार असशील तर घे लवकर. त्या बाईला माहीत नाही. अशा गाड्या बनल्याच थोड्या. पुण्या-मुंबईचे शौकीन लोक ही अशीच्या अशी, गाळासकट, सव्वा-दीड लाखाला उचलतील.”

म्हणजे भाबींचे अज्ञान दोन बाजूंचे होते. गाडीत दोष किती हे त्यांना माहीत नव्हते, आणि गाडीला मोल किती हेही माहीत नव्हते. दोष सांगितले तर किंमत उतरते, मोल सांगितले तर चढते. मला दोन्ही माहीत होते. बाजारात शहाणा म्हणवला जाणारा माणूस अशा वेळी पहिले सांगतो आणि दुसरे गिळतो. सुरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांचा धिक्कार आहे ते लोक घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. मी लहानपणापासून हे दुकानदाराबद्दल आहे असे समजत आलो होतो. घेणाऱ्याच्या हातातही तराजू असतो, हे स्कूटर चालवताना प्रथम लक्षात आले.

आमच्या गणिताच्या पुस्तकांत नफा-तोट्याचे प्रकरण असते. एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना वस्तू घेतली, तमुक रुपयांना विकली, शेकडा नफा काढा. विकणाऱ्याला भाव माहीत होता का, हे कुठल्याही उदाहरणात विचारलेले नसते. आदल्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर एक वेगळे उदाहरण घातले होते. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवला आणि मालकाला पैसे घेण्यासाठी घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा तीनशेहून जास्त किमतीचा आहे, चारशेला देतोस? मग आणखी वाढवले, आणखी वाढवले, आणि शेवटी आठशे देऊन घोडा घेतला. कारण विचारल्यावर ते म्हणाले की प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतीन असा शब्द मी पैगंबरांना दिला आहे. वर्गाला विचारले, शेकडा तोटा किती? मुले हसली. एकजण म्हणाला, “सर, तोटा कसा? घोडा आठशेचाच होता.” तो मुलगा गणितात नापास होतो. त्या दिवशी मी त्याला पुढच्या बाकावर बसवले.

काफिल्यांबद्दलचा नियमही असाच आहे. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेरच गाठून, बाजारभाव कळायच्या आत त्याचा माल विकत घेऊ नका, अशी मनाई हदीसमध्ये आहे. आणि कोणी घेतलाच तर बाजारात पोचल्यावर विकणाऱ्याला सौदा मोडण्याचा अधिकार आहे. विचार केला तर “लवकर घे, त्या बाईला माहीत नाही” या वाक्यात उस्तादाने मला काफिल्याच्या वाटेवरच उभे केले होते. यात उस्तादाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. तो माझे हित बघत होता, भाबींचे बघणे त्याचे काम नव्हते.

मी भाबींकडे गेलो. त्यांचे मोठे दीरही बसलेले होते. वहीतली यादी वाचून दाखवली: गाळ, वायरिंग, ब्रेक, सांगाडा, तेल, नोंदणी. मोठ्या दिरांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक ओळखीचे हसू आले. म्हणाले, “मास्तर, आम्हीपण बाजार केलेला आहे. सरळ बोला, किती देणार?”

मला राग आला, पण त्यांचे काय चुकले? आपल्याकडे घेणारा दोष सांगतो तो भाव पाडण्यासाठीच. कैरी घेतानाही आपण आधी डाग दाखवतो. खरे बोलण्याची जागा आपण घासाघीशीने इतकी भरून टाकली आहे की त्यात खरे बोललेले वेगळे ओळखू येत नाही. मग मी यादीच्या खाली जे लिहिले नव्हते ते सांगितले: की एवढे दोष असूनही ही गाडी बाहेर सव्वा-दीड लाखाला जाऊ शकते, उस्तादाला शौकीन लोकांचे फोन माहीत आहेत, फोटो पाठवा. आता मोठ्या दिरांचे हसू गेले आणि जास्तच संशय आला. यात मास्तरचे कमिशन किती, असा तो संशय असावा. त्यांनी तो बोलून दाखवला नाही, तेवढी सभ्यता ठेवली. भाबी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्हाला घ्यायची होती ना?”

फोटो गेले. आठ दिवसांत पुण्याहून एकाने एक लाख चाळीस हजार सांगितले. भाबींनी मुलाकडून मला निरोप पाठवला, मी गेलो. त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत म्हणून हा भाव कळला. तुम्ही एक लाख द्या आणि घेऊन जा. बाकीचे मी तुम्हाला सोडले, खुशीने.”

(आमचे हे सगळे बोलणे कोकणी बोलीत झाले, ती कागदावर उतरवायची तर निराळा लेख होईल, म्हणून साध्या मराठीत देतो आहे.)

खुशीने दिलेली सूट घ्यायला हरकत काय? सौद्यात दोन्ही पक्षांची रजामंदी असली की झाले. मीही घरी येईपर्यंत तसेच समजत होतो. जेवण झाले. रात्री वही उघडून सहज आकडे मांडू लागलो, आणि अडलो.

गाडी भाबींची नाही. ती मयताची होती, म्हणजे तो तर्का, वारसांचा माल. मयताला मुले असली तर पत्नीचा वाटा आठवा. मयताचे आईवडील त्यांच्याआधीच गेलेले, म्हणून त्यांचे वाटे निघत नाहीत. मुलगा असल्याने भावाला काही नाही. उरलेल्या सात वाट्यांत मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. चाळीस हजारांची सूट. त्यातले भाबींचे स्वतःचे पाच हजार. उरलेले पस्तीस हजार दोन मुलांचे, आणि दोघेही नाबालिग. पाच हजार खुशीने सोडण्याचा भाबींना पूर्ण हक्क होता. पस्तीस हजार सोडणारे त्या घरात कोणीही नव्हते. मुलगा स्वतः हो म्हणाला असता तरी त्याच्या हो ला किंमत नव्हती. आणि यतीमाचा माल खाण्याबद्दल सुरह निसामध्ये जे सांगितले आहे ते मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आठवेल. त्यात आगीचा उल्लेख आहे.

मग त्याच हिशोबाने मागे गेलो. पहिल्या दिवशी मी काही न बोलता ऐंशी हजारांना गाडी उचलली असती तर? साठ हजारांचा फरक. त्यातले साडेसात हजार भाबींचे, साडेबावन्न हजार माझ्याच वर्गातल्या मुलाचे आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे. मी त्या मुलाला नफा-तोटा शिकवला असता, आणि माझ्या अंगणात त्याच्या वाट्याची गाडी उभी असती. आपण जिला स्वस्त म्हणतो त्या वस्तूची उरलेली किंमत कोणीतरी दिलेली असते. बहुतेक वेळा तो माणूस आपल्याला दिसत नाही, म्हणून झोप लागते. मला तो रोज दुसऱ्या बाकावर दिसला असता.

यावर एक वाट होती. पूर्ण एक लाख चाळीस हजार देऊन गाडी घ्यायची. मग कुणाचे काही लागले नसते. मी तेही मांडून पाहिले. एक चाळीस अधिक उस्तादाचे दोन, म्हणजे अडीच समज. माडी तर गेलीच, वर पतपेढीचे कर्ज आणि त्याचे व्याज. तेव्हा माझ्या नकाराचे नीट वजन करायचे तर त्यात यतीमांचा विचार किती आणि दुरुस्तीच्या खर्चाची भीती किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी नकार सांगताना मला स्वतःबद्दल जरा जास्तच चांगले वाटत होते, म्हणून हे लिहून ठेवतो. पैसे असते तर मी काय केले असते? बहुधा पूर्ण किंमत देऊन गाडी घेतली असती, आणि अब्बा काहीही म्हणोत, संध्याकाळी गुहागरच्या रस्त्याला एकटा घेऊन गेलो असतो.

नकार सांगायला गेलो तेव्हा लक्षात आले की मुलाला कोणी विचारलेलेच नाही. मीही नाही. वारसाहक्काचा एवढा हिशोब केला, पण ज्याचा सर्वात मोठा वाटा तो दारात उभा राहून ऐकत होता. त्या गाडीच्या दोन जागांपैकी एक त्याची होती. वडील सुट्टीवर आले की शेजारच्या सीटवर तोच बसायचा. मी विचारले, “तुला ठेवायची आहे का गाडी?” तो म्हणाला, “नाही सर. विकून टाका.” मग थोड्या वेळाने, “हॉर्न तेवढा काढून द्याल?”

पुण्याचे गृहस्थ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो घेऊन आले. पाऊस सुरू झाला होता. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, फायबरवरून हात फिरवला. पाणी कुठपर्यंत आले होते, हे त्यांनी विचारायच्या आधीच भाबींनी भिंतीवरचा पुराचा डाग दाखवला, आणि माझ्या वहीतले पान त्यांच्या हातात दिले. ते पान मी फाडून ठेवून आलो होतो हे मी विसरलो होतो. त्यांनी ते शांतपणे वाचले. सांगाड्याच्या ओळीपाशी थांबले, खाली वाकले, टॉर्च मारून पाहिले आणि दहा हजार कमी केले.

एक लाख तीस. म्हणजे माझ्या यादीमुळे दहा हजार गेले, त्यातले पावणेनऊ हजार मुलांचे. मोठे दीर पडवीच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होते आणि या वेळी त्यांना काय म्हणायचे आहे ते मला स्पष्ट कळत होते. त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे. विकणाऱ्याने दोष लपवू नये याबद्दल धर्मात कुठे संदिग्धता नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी आतला ओला भाग बाहेर काढला होता, ती हकिकत मोठ्या दिरांनाही पाठ असणार. पण ते उत्तर त्या वेळी त्यांना द्यायला माझी जीभ वळली नाही.

चाके जाम असल्याने गाडी लोटून टेम्पोवर चढवावी लागली. फळ्या लावल्या, आम्ही सहाजण होतो, त्यात मोठे दीरही होते. त्याआधी उस्तादाने बॉनेट उघडून हॉर्न काढला आणि मुलाच्या हातात दिला. त्याच्या आतही गाळ होता. पुण्याच्या गृहस्थांनी खिशातून पेन काढले, माझ्या यादीच्या शेवटी एक ओळ स्वतःच लिहिली, “हॉर्न नाही,” आणि त्याचे काही पैसे कापले नाहीत.